कुटारात लपवलेला नळा

मी बांबूचा नळा बोलतोय. गुरांना औषध पाजायचा. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, एका बाजूला पेर आहे म्हणून बंद आणि दुसऱ्या बाजूला तिरपा कापलेला. मला शाळा नाही, बोलणंही गोड नाही. चाळीस वर्षं जो बैलांच्या जबड्यात राहिला त्याच्याकडून गोड बोलण्याची आशा कुणी धरू नये. जनावरं पाळणाऱ्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत आणि एका घोडीचं कसं झालं ते सांगायचं आहे. ऐकायचं असेल त्यानं बसावं.

घाटाखालून एक बुरूड टोपल्या, सुपं घेऊन उंद्रीच्या बाजाराला यायचा. त्यानं मला कापलं. तोंड तिरपं केलं, फुटक्या काचेनं कड खरवडून गुळगुळीत केली, म्हणजे जनावराची जीभ कापू नये. मग आठ दिवस तेलात बुडवून ठेवलं. इंद्रभान तेव्हा पंचविशीचा होता. नवीन लग्न, नवीन बैलजोडी. त्यानं मला उचललं, तोंडाला बोट लावून पाहिलं आणि बुरडाला म्हणाला, "हा माह्यापेक्षा जास्त दिस टिकला पायजे." बुरूड म्हणाला, "टिकंन. तू नीट वापरशील तर."

नीट वापरलं त्यानं, हे मी मान्य करतो. इंद्रभानला गुरांतलं कळायचं. शेण पाहून तो बैलाचं दुखणं सांगायचा. कानाला हात लावून ताप सांगायचा. गाय व्यायला झाली की तिला गुळगुळीत फरशीवर बांधायचा नाही, पाय घसरून मांडी फाटते म्हणून. पावसाळ्यात गोठ्यात मुताचा वास नाकाला झोंबला की सुनेला, मुलाला, जो दिसेल त्याला शिव्या द्यायचा आणि स्वतः राख टाकायचा. दुकानातलं पोत्यातलं खाद्य आणलं तरी मिठाचा खडा गव्हाणीत असायचाच.

आणि पाजायचा कसा, तेही ऐकून ठेवा. बैलाचं तोंड आभाळाकडे करू नये. पाठीच्या रेषेत ठेवावं, फार तर चार बोटं वर. जीभ ओढून धरू नये. जीभ मोकळी असली तरच जनावर गिळतं. मला समोरून खुपसू नये, गालाच्या कडेनं, जिथे दात नसतात तिथून घालावं. घोटभर ओतावं आणि थांबावं. गळ्यावरून घोट उतरताना डोळ्यांना दिसतो. तो दिसल्यावरच दुसरा. मध्येच जनावर खोकलं तर नळा बाहेर काढावा, डोकं सोडावं, औषध सांडलं तर सांडू द्यावं. सांडलेलं औषध पुन्हा बनवता येतं, श्वासाच्या वाटेनं गेलेलं काढता येत नाही.

हे सगळं इंद्रभानला पाठ होतं. गावात कुणाचा बैल फुगला, कुणाची म्हैस चारा सोडून बसली, की माणूस आधी त्याच्याकडे यायचा. तो मला खुंटीवरून काढायचा आणि निघायचा. माझ्या अंगावर दातांच्या खुणा आहेत, त्या सगळ्या त्या दिवसांच्या. लोक म्हणायचे, इंद्रभानच्या हाताला गुण आहे. चाळीस वर्षं हेच ऐकलं की माणूस फुगतो. गाय फुगली तर तेल पाजून उतरते. माणूस फुगला तर त्याला पाजायला कुणाकडे काही नसतं.

डोणगावचा सईद हा त्याचा जुना दोस्त. दोघांची गाठ बैलबाजारात पडली, तेव्हा दोघांनाही मिशा नीट फुटल्या नव्हत्या. सईदच्या घरात घोडे. त्याच्या बापाचा नांदुऱ्याला स्टेशनावर टांगा होता. टांगे बंद पडले, बाप गेला, सईद बायकोच्या माहेरी डोणगावला येऊन राहिला, पण बापाच्या घोडीची वीण त्यानं तुटू दिली नाही. त्या घोडीची नात म्हणजे नूरी. लाल रंगाची, कपाळावर बोटभर पांढरं. मेहकरापासून चिखलीपर्यंत कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवर बसले. आता ती चौदा वर्षांची होती आणि दहाव्या महिन्याची गाभण. घोडी अकरा महिन्यांनी विते. सईदचं वय झालेलं, घोडीचंही झालेलं. हे शिंगरू झालं तर वीण पुढे जाणार, नाही तर तिथेच संपणार. एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याच वेळी त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर धूळ नको, भुसा नको, वाकायचं नाही. त्याची बायको खैरुन्निसा म्हणाली, घोडी कुठेतरी ठेवा, नाही तर डोळा जाईल. सईदनं नूरीला उंद्रीला आणलं.

गोठ्याच्या दारात उभा राहून तो सांगत होता आणि इंद्रभान तंबाखू मळत ऐकत होता.

"भाऊ, घोड्याचं पोट बैलासारखं नसते. एकच कोठा, अन् थोही लहान. रवंथ नाई, ढेकर नाई, ओकारी नाई. आत गेलं थे मागूनच निघते. म्हणून थोडं थोडं दे, चार वेळा दे. चारा बदलायचा असंल तर आठ दिस लाव, एकदम नको बदलू. खुरं रोज साफ कर. अन् पिछाडी बांधत जाय, ही दावं चावून सोडते."

"तू सांगून राह्यला का निकाहनामा वाचून राह्यला बे?"

"निकाहच समज. पोटुशी हाये."

"अरे, माह्या गोठ्यात तीनशे वासरं झाले असतीन. मले नको शिकवू."

इंद्रभानची बायको गीताबाई चहा घेऊन आली. ती म्हणाली, "भाई, तुमी सांगा. मी ऐकून राह्यली. याहिच्या कानात कापूस हाये." सईद हसला, पण जाताना त्यानं घोडीच्या मानेवर बराच वेळ हात ठेवला होता.

बारा दिवस बरे गेले. मग सोयाबीन निघालं. अंगणात मळणी झाली आणि गोठ्यात भिंतीशी कुटाराचा, म्हणजे शेंगांच्या भुशाचा, ढीग लागला. पिछाडी इंद्रभाननं दुसऱ्याच दिवशी काढून ठेवली होती. पोटुशी जनावराचे मागचे पाय बांधणं त्याला पटेना. "पोरीबाळीचे पाय बांधते का कोनी?" असं तो म्हणाला. भलेपणानं म्हणाला. मी भलेपणाबद्दल काही बोलत नाही. बैलाला गळ्यातलं दावं पुरतं, घोडीला पुरत नाही, एवढंच.

सकाळी दावं चावलेलं होतं आणि नूरी ढिगात तोंड घालून उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

दहा वाजेपर्यंत तिला दरदरून घाम फुटला. पुढच्या पायानं माती उकरायची, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहायची, खाली बसायची, लोळायची, पुन्हा उठायची. इंद्रभानचा मुलगा सागर यानं लगेच जनावरांच्या डॉक्टर जयमाला मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्या गावी होत्या, दोन तास लागतील म्हणाल्या. मग त्यानं सईदला फोन केला आणि आवाज मोठा केला.

सईदचा आवाज खुंटीपर्यंत आला. "तोंडात काहीच घालू नका. काहीच. तेल नाई, सोडा नाई, पाणीबी नाई. लोळू देऊ नका, हळूहळू फिरवत राहा. डॉक्टर येऊ द्या. भाऊले सांग, नळा नको. ऐकून राह्यला का?"

"हाव काका," सागर म्हणाला.

इंद्रभाननं ऐकलं होतं. तो घोडीभोवती दोन चकरा मारून आला. पोट फुगलेलं जनावर समोर आहे आणि आपण नुसते दोरी धरून फिरतोय, हे त्याच्या हातांना सोसवेना. शेजारीपाजारी जमले होते. एकानं विचारलंच, "काका, नळा काऊन नाई काढला अजून?"

त्यानं मला खुंटीवरून काढलं.

"बाबा, सईदकाकानं सांगतलं ना," सागर म्हणाला.

"दोन घंटे हे जनावर तडफडंन. दोर टाक त्या फांदीवरून."

"बाबा..."

"दोर टाक म्हनलं."

गीताबाईनं जवसाचं तेल कोमट केलं, त्यात ओवा आणि हिंग टाकला. घोडी बैलासारखी तोंड देईना, म्हणून दोर अंगणातल्या झाडाच्या फांदीवरून घेऊन तिचं डोकं वर ओढलं. आभाळाकडे. इंद्रभाननं जन्मात कधी बैलाचं डोकं तसं केलं नव्हतं. जीभ एका हातात धरली, दुसऱ्या हातानं मला आत घातलं. पहिला नळा गेला. दुसरा गेला. घोट कुठे उतरताना दिसला नाही, आणि ते पाहायला तो थांबलाही नाही. तिसऱ्याला ती खोकली. खोल, पोटातून आल्यासारखी. दोन्ही नाकपुड्यांतून तेल आलं.

मी तिच्या तोंडात होतो. मला कळलं ते तेल कुठे गेलं. त्यालाही कळलं. त्याच्या हातून मी खाली पडलो. त्यानं दोर सोडला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचं नाक पुसलं, दोनदा, तीनदा, चांगलं कोरडं होईपर्यंत. मग रस्त्यावर गाडीचा आवाज आला. मॅडम सांगितल्यापेक्षा लवकर पोचल्या होत्या. इंद्रभाननं मला उचललं, गोठ्यात शिरला आणि कुटाराच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून मला आत सारलं.

तिथून पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं.

मॅडमनी सुई दिली. नाकातून लांब रबरी नळी थेट पोटात घातली, आधी फुंकून, कान लावून खात्री केली, मग औषध सोडलं. इंद्रभान म्हणाला, "म्हंजे तुमीबी तेलच पाजून राह्यले ना."

"मी पोटात सोडतेय, आजोबा. ही नळी श्वासाच्या वाटेनं गेली तर घोडी मरते, म्हणून एवढं तपासून घालते. तुम्ही आधी तोंडानं काही पाजलं का? ही खोकतेय."

तेवढ्यात शेजारी सगळे आपापल्या कामाला निघाले असावेत, चपलांचे आवाज दूर गेले.

"नाई," इंद्रभान म्हणाला. "पान्याचा थेंब नाई. सोयाबीनची धूळ उडाली म्हनून खोकते."

मॅडमनी तो शब्द खरा धरला. का नाही धरणार? त्या नोकरीला लागल्यापासून त्याला ओळखत होत्या. संध्याकाळपर्यंत नूरीनं लीद टाकली. पोट उतरलं. अंगणातले लोक परत जमले आणि इंद्रभानची पाठ थोपटली गेली असावी, कारण तो म्हणाला, "मी म्हनलं व्हतं ना." आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सईद आला. डोळ्याला काळा चष्मा होता, तो मला नंतर दिसला. धुळीत येऊ नको म्हणून गीताबाई ओरडली, पण तो सरळ गोठ्यात आला. नूरीनं त्याचा वास घेतला, पण चारा घेतला नाही. तिचा श्वास मी रात्रभर ऐकला होता. करवतीसारखा.

"भाऊ, हिचं पोट तर मऊ हाये. मंग श्वास असा काऊन घेऊन राह्यली?"

"थकली असंन."

"तोंडातून काई पाजलं का?"

"नाई ना बे. तू सांगतलं व्हतं ना."

हा दुसरा खोटा शब्द. पहिला घाबरून बोलला होता. दुसरा, पहिला बोलला होता म्हणून. सागर तिथेच होता, तो बाहेर निघून गेला. सईदनं मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, पोटदुखीनंतर जनावर गळून जातं, ताप घ्या, ताप वाढला तर कळवा. त्यांना जे सांगितलं होतं त्यावरून त्यांचं बरोबरच होतं. तो अख्खा दिवस पोटाची औषधं चालली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाकातून पिवळं पाणी यायला लागलं आणि त्याला घाण वास होता. मॅडम आल्या. छातीला कान लावत असाव्यात, एका बाजूला, मग दुसऱ्या.

"हे पोटाचं नाही. फुफ्फुसं भरलीयेत. आजोबा, मी परवा विचारलं होतं. आज पुन्हा विचारते."

इंद्रभान म्हणाला, "मॅडम, मी..." आणि थांबला.

मग कुटार खसखसलं. गीताबाईचा हात आत आला. ती चाचपत होती, पण तिला जागा ठाऊक होती. तिनं मला ओढून काढलं, मला लागलेलं कुटार पदरानं झाडलं आणि सईदच्या हातात दिलं.

"तीन नळे पाजले," ती म्हणाली. "तेल मीच तापवलं. दोन दिस मीबी मुकी राह्यली, भाई. याहिनं एकट्यानं नाई केलं."

इंद्रभाननं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. जड पोतं कुणी पाठीवरून उतरवलं आणि तरी पाठ सरळ होत नाही, तसा तो उभा होता.

सईदनं मला नाकाशी नेलं. ओवा, हिंग, जवसाचं तेल. चष्म्यामागं काय होतं ते मला दिसलं नाही.

मॅडम लगेच बाटल्या, सुया काढायला लागल्या. काम करता करताच बोलल्या, "वाचली असती असं मी म्हणत नाही. अशातली बरीच जातात. पण हे औषध परवा सुरू झालं असतं. दोन दिवस हातात होते."

दुपारी नूरी खाली बसली ती उठली नाही. सईद तिच्या मागे बसला, तिच्या पोटावर हात ठेवून. ती गेल्यावरही त्यानं हात काढला नाही. गीताबाईनं विचारलं, "भाई, काय झालं?"

"अजून हालून राह्यलं," तो म्हणाला.

सागरनं मॅडमना विचारलं, काही करता येईल का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पोटातलं शिंगरू महिनाभर लवकर होतं आणि आईच्या अंगात हवाच उरली नव्हती. आम्ही सगळे तिथे होतो. सईदचा हात थोडा थोडा हलत होता, मग हलायचा थांबला. तेव्हा त्यानं तो उचलला आणि मांडीवर ठेवला.

जेसीबी बोलावून बांधाच्या कडेला तिला पुरलं. इंद्रभान माती लोटायला पुढे झाला, तर सईद म्हणाला, "राहू दे." एवढंच. जाताना त्यानं मला मागितलं. "हा नळा मले दे." इंद्रभाननं होकारार्थी मान डोलावली. त्याला वाटलं असेल, हा मला वाटेत कुठेतरी नाल्यात फेकेल, नाही तर घरी नेऊन जाळेल.

सईदनं मला जाळलं नाही. डोणगावला नेलं, गरम पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, नवीन तेल लावलं आणि खुंटीला टांगलं. त्याच्या घोडीच्या जागी आता त्याचा पुतण्या मोईज दोन गाई बांधतो. मोईजला पाजता येत नव्हतं. सईदनं शिकवलं. डोकं खाली, जीभ मोकळी, गालाच्या कडेनं, घोट दिसला की पुढचा. मोईज विचारतो, "काका, तुमी तर घोडेवाले. तुमाले गुरांचं कोनी शिकवलं?" सईद म्हणतो, "एक दोस्त व्हता."

इंद्रभान होळीनंतर एकदा आला. भर दुपारी, दोन बस बदलून. खैरुन्निसानं चहा ठेवला आणि लगेच आत गेली. तो ओसरीवर बसला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"अजून ठेवला हा?"

"ठेवला."

"जाळून टाकाचा व्हता, सईदभाई."

"काऊन? याचं काय चुकलं?"

इंद्रभाननं कपातला चहा ढवळला. चमचा नव्हता, बोटानंच ढवळला. "मले वाटलं, मी सांगतलं तर गावात... लोक म्हंतीन, इंद्रभाननं..." त्यानं कप खाली ठेवला. "मी तुले सांगणार व्हतो. रोज वाटे, आज सांगतो."

"दोनच दिस व्हते, भाऊ," सईद म्हणाला. "पाजलं थे मी समजू शकतो. तुह्या जागी दुसरं कोनी असतं त्यानंबी पाजलं असतं. तडफडनारं जनावर पाहवत नाई. पन मी तुले तोंडावर इचारलं व्हतं."

मोईजच्या गाईनं शेपटीनं माश्या झटकल्या. चहावर साय आली. दोनची बस आहे म्हणून इंद्रभान उठला. पूर्वी तो निघाला की सईद बसस्टँडपर्यंत जायचा आणि तिथे अजून अर्धा तास भांडत उभा राहायचा. त्या दिवशी तो ओसरीवरून उठला नाही. इंद्रभान पुन्हा आलेला नाही. ऐकतो की आता कुणाचा बैल फुगला तरी तो जात नाही, डॉक्टरला फोन करा म्हणतो आणि पाठ फिरवून झोपतो.

मी अजून धड आहे. तडा गेलेला नाही. आणखी वीस वर्षं जातील. तर ऐकणाऱ्या लोकहो, घोड्याला तोंडानं पाजू नका, हे सांगूनही तुमच्यातले काही जण पाजतील, मला ठाऊक आहे. हात राहत नाही. पण मग डॉक्टर दारात येऊन विचारेल, काय पाजलं, किती पाजलं, कधी पाजलं. तेव्हा लोक बघतायत की नाही, मालक काय म्हणेल, हे पाहत बसू नका. माझ्या तोंडाला तेल लागलेलं असतानाच मला त्याच्या हातात द्या.